बी.एस्सी. फिजिक्ससाठी लॅपटॉप: विंडोज की लिनक्स? (बजेट ५० हजार, घर समुद्राला लागून)

देवगडकर_बाबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एरवी आंब्याच्या धाग्यांवर तुडतुड्यांच्या नावाने बोटं मोडणारा माणूस. आज वेगळंच विचारायचंय.

मुलगी बारावी सायन्स झाली. इंजिनिअरिंग नको म्हणते. फिजिक्स नाहीतर गणित घेऊन बी.एस्सी. करायचं, रत्नागिरीला राहायचं, हे तिचं ठरलंय. आमची हरकत नाही. (तिच्या आजीची आहे, पण ते घरात बघून घेऊ.) तिला लॅपटॉप घ्यायचाय. यंदा बागेने बरा हात दिला, त्यामुळे ५० हजारांपर्यंत जाऊ शकतो. जे काय लागेल ते त्यातच बसवायचं.

तालुक्याच्या दुकानात गेलो तर त्याने ७२ हजारांचं गेमिंगचं खोकं पुढे केलं. "सायन्सवाल्यांना ग्राफिक्स कार्ड लागतंच." पुतण्या पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो काहीही घ्या पण लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाका. मुलीच्या मैत्रिणीचा भाऊ म्हणतो मॅकशिवाय पर्याय नाही. तीन शहाणे आणि मधे मी.

घर पुळणीपासून दोनशे मीटरवर. पावसात लाईटचा भरवसा नाही. आधीचा डेस्कटॉप तिसऱ्या मिरगालाच गेला. उघडला तर आत पांढरी बुरशी, हिरवा चिकटा आणि मुंग्यांचं वारूळ. म्हणून विचारतो: घ्यावं काय, त्यात टाकावं काय, आणि टिकवावं कसं?

निळा_पडदा

काका, विंडोज ११ वाला साधा लॅपटॉप घ्या नि मोकळे व्हा. कॉलेजचे फॉर्म, वर्डमधली जर्नलं, प्रोजेक्टरला जोडणं, झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढणं, सगळं बिनबोभाट होतं. घरबसल्या द्यायच्या ऑनलाइन परीक्षांवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरं बऱ्याचदा लिनक्सवर चालत नाहीत. आणि बिघडलं तर गावातला कोणीही पोरगा दुरुस्त करतो. लिनक्स बिघडलं की पुण्याच्या पुतण्याची सुट्टी होईपर्यंत बसून राहायचं.

जुनं मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर एवढंच बघा की ते विंडोज ११ घेतं का. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर.

खाडीपलीकडे

मूळचा राजापूरचा, सध्या पुण्यात फिजिक्समध्ये संशोधन करतोय. निळा_पडदा यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं, फक्त शेवट पटत नाही. सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आधी ती करणार काय ते बघू. बी.एस्सी.च्या तीन-चार वर्षांत मुख्य काम पायथनवर: आकडेमोडीला नमपाय आणि सायपाय, आलेखाला मॅटप्लॉटलिब, हे सगळं ज्युपिटरच्या वहीत (ब्राउझरमधे पायथन लिहायची सोय). थोडं ऑक्टेव्ह किंवा सायलॅब. आकृत्यांना जिओजेब्रा. थोडं सी, आणि पुढेमागे एखाद्या म्हाताऱ्या सरांनी हातात ठेवलं तर फोरट्रान. अहवाल लिहायला लाटेक. ही सगळी फुकट आहेत आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतात. तेव्हा अमुक घेतलं नाही म्हणून पोरीचा अभ्यास अडेल, ही भीती मनातून काढून टाका.

ग्राफिक्स कार्ड: नको. तिला लागणारी गणितं दुप्पट अचूकतेची, म्हणजे एका आकड्याला ८ बाइट. घरगुती ग्राफिक्स कार्डं नेमकी याच हिशोबात फार मंद असतात. शिवाय गरम होतात, बॅटरी खातात आणि पंखा जोरात फिरवतात. समुद्राकाठी पंखा जोरात फिरणं म्हणजे काय ते कोणीतरी मेकॅनिक सांगेलच.

रॅमचा हिशोब तिलाच करायला सांगा, पहिला गृहपाठ समजून. १०,००० × १०,००० चा मॅट्रिक्स म्हणजे १० कोटी आकडे. प्रत्येकी ८ बाइट धरले तर ८० कोटी बाइट, ८०० एमबी. आता तिच्या पेपरात येणारा मॅट्रिक्स ३ × ३ चा. प्रकल्पात लय झालं तर १०० × १००, म्हणजे ८० हजार बाइट. मोबाईलमधला एक फोटो याहून मोठा असतो! तरीही १६ जीबी घ्या. ती गणितासाठी लागत नाही. ब्राउझरमधे पंधरा खिडक्या उघड्या राहतात आणि मागे व्हिडिओ लेक्चर चालू असतं, ते सगळं रॅम खातं.

मग लिनक्स कशाला? कारण पुढे जिथे जायचंय तिथे तेच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर आहे. सर्न आणि फर्मिलॅब (युरोप-अमेरिकेतल्या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळा) वाल्यांनी तर अनेक वर्षं 'सायंटिफिक लिनक्स' नावाची स्वतःची आवृत्तीच चालवली. उद्या ती एम.एस्सी.ला एखाद्या मोठ्या संस्थेत गेली की पहिल्याच दिवशी समोर काळा पडदा येतो, लुकलुकणारा कर्सर येतो आणि माउसला कोणी विचारत नाही. माझ्यावर हा प्रसंग आला तेव्हा एक आठवडा फोल्डर कसं बदलायचं एवढंच शिकत होतो, शेजारची मुलगी तोवर दोन सिम्युलेशनं उरकून बसली. तो आठवडा घरीच, चहा पीत, घालवलेला बरा.

म्हणून माझं मत: विंडोज असलेला लॅपटॉप घ्या, ते पुसू नका, शेजारी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका. तेही जमत नसेल तर विंडोज ११ च्या पोटातच उबुंटू चालवायची सोय आहे, डब्ल्यूएसएल म्हणतात तिला. एका आज्ञेत बसते.

सोल्डरमास्तर

कुडाळात दुरुस्तीचं दुकान आहे. सिस्टीम कुठची टाकायची ते शिकलेल्यांनी ठरवा. मी खोक्याबद्दल बोलतो.

देवगडकरानू, तुमचो डेस्कटॉप कशान मेलो ता माका ठावक आसा. पंखा हवा ओढतो, हवेसोबत मिठाचे कण आत जातात आणि बोर्डावर बसतात. नुसतं कोरडं मीठ काही करत नाही. पण हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तेवढा दमटपणा असतोच. मग बोर्डावर खाऱ्या पाण्याची पातळ साय तयार होते, त्यातून वीज वाट शोधते आणि तांबं हिरवं पडतं. मशीन बंद असताना हे जास्त होतं, कारण गरम मशीनवर ओल टिकत नाही. म्हणून 'जपून वापरू' म्हणत जो लॅपटॉप लोखंडी कपाटात ठेवला जातो, तोच माझ्याकडे आधी येतो.

घेताना एवढं बघा. खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडणारं हवं. रॅम बोर्डाला चिकटवलेली नको, खाचेत बसणारी हवी. एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, बदलता यावी. कीबोर्ड सुटा मिळावा. नवीन सडपातळ मॉडेलांत हे मिळणं कठीण झालंय. कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षं वापरून बाहेर पडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे लॅपटॉप मिळतात, त्यांत अजून सापडतं. वजनाला जड, दिसायला काळेकुट्ट, पण हाडाने मजबूत. पावती आणि निदान सहा महिन्यांची हमी देणाऱ्याकडूनच घ्या. बॅटरी किती उरली ते समोर बसून बघा, बिजागऱ्या हलवून बघा, आणि यूएसबीच्या भोकात टॉर्च मारून हिरवा रंग दिसतो का बघा. दिसला तर तो समुद्रावरून आलाय, परत समुद्रावर नेऊ नका.

देवगडकर_बाबा

सोल्डरमास्तर, लोखंडी कपाटाचं अगदी तस्संच झालं होतं. वर प्लास्टिकचं कव्हरही घातलेलं.

सोल्डरमास्तर

कव्हर घातलास म्हणजे आत लोणचा घातलास.

अर्धवट_सफरचंद

मॅकवाल्याची बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहितो. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम१ पासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. सोल्डरमास्तरांनी वर जे सांगितलं त्या हिशोबाने हा समुद्राकाठी मोठा गुण आहे. बॅटरी दिवसभर जाते, म्हणजे लाईट गेली तरी अभ्यास चालू. आत युनिक्स (लिनक्सचा भाऊबंद) आहे, त्यामुळे काळा पडदाही शिकता येतो.

तोटे: रॅम, एसएसडी सगळं पक्कं, नंतर वाढवता येत नाही. नवीन घ्यायचा तर काकांचं बजेट पुरेल की नाही शंका. आणि गुहागरला आईकडे गेलो की एक विचित्र अनुभव येतो: लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना मनगट धातूच्या कडेला टेकलं की मुंग्या आल्यासारखं होतं. मुंबईच्या घरी कधीच होत नाही.

खाडीपलीकडे

हा तर फिजिक्सचाच प्रश्न! चार्जरमधे गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर दोन बाजूंच्या मधे बसवलेला असतो. चार्जरला अर्थिंग मिळालं नाही की त्याच्यामुळे लॅपटॉपचं धातूचं अंग २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह मायक्रोअँपिअरमधे असतो, धोक्याचा नाही, पण नाजूक कातडीला जाणवतो. आधी बघा की चार्जर दोन पिनांचा आहे का. तीन पिनांचा असूनही होत असेल तर घराचं अर्थिंग तपासा. आपल्याकडे जांभ्याच्या कातळावर घर असलं की ही अडचण असतेच: कातळ उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा, वीज नीट शोषत नाही. आमच्या घरी अर्थिंगच्या खड्ड्यात आई मे महिन्यात दोन कळशा पाणी ओतते, तुळशीच्या नंतर लगेच.

अर्धवट_सफरचंद

दोन पिनांचाच निघाला चार्जर. तीन पिनांची वायर लावली, मुंग्या गायब. आईला वाटतंय मी दुरुस्त केला.

पाटीपेन्सिल

चिपळूणला महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालो. धागा वाचून मजा वाटली. मुलीने अजून एक गणित सोडवलेलं नाही आणि रॅमचा हिशोब झाला.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. देवळालीला शाळामास्तर होते. १९४९ साली त्यांना ६१७४ हा आकडा सापडला. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर: ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. इथे गाडी थांबते, पुढे कितीही करा तेच येतं. रँग्लर परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ ला केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले. यांच्यापैकी कोणाचाही लॅपटॉप पावसात भिजला नाही.

पण मी संगणकाच्या विरोधात आहे असं समजू नका. कापरेकरांना जे कागदावर करावं लागलं ते आज मुलगी दहा ओळींच्या पायथनात चार अंकांच्या सगळ्या संख्यांवर करून बघू शकते आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकते की सातहून जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. ती दहा ओळींची गोष्ट तिने पहिल्या आठवड्यात करावी अशी माझी इच्छा आहे. दुसऱ्या आठवड्यात हे: न चा वर्ग अधिक न अधिक ४१. न ला ०, १, २ अशा किमती देत जा. ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या येते. संगणक चाळीस वेळा मान डोलावतो. ४० ला १६८१ येतात, म्हणजे ४१ गुणिले ४१. सिद्धता आणि पडताळा यांतला फरक मी वर्गात तीस वर्षं सांगितला, पण या उदाहरणाइतका तो कशानेच पोचला नाही.

यंत्र कुठलं? जे उघडलं की दहा सेकंदांत काम सुरू करता येईल ते. आणि पन्नासातले दोन-तीन हजार चांगल्या वह्या, शाईची पेनं आणि टेबलावरच्या दिव्यासाठी बाजूला ठेवा. बी.एस्सी.च्या गणितातलं बहुतेक काम अजून तिथेच होतं.

निळा_पडदा

सर, लाटेकबद्दलही लिहा ना. आमच्या वेळी वर्डमधे समीकरणं टाकता टाकता डोळे पांढरे व्हायचे.

पाटीपेन्सिल

लाटेकच्या पोटात टेक आहे. ते डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ च्या सुमारास केलं, कारण स्वतःच्या पुस्तकाची नवी जुळणी त्यांना बघवेना. त्याचा आवृत्ती क्रमांक दर दुरुस्तीला π (पाय) च्या जवळ सरकतो, सध्या ३.१४१५९२६५३ वर आहे. माणूस वल्लीच.

व्यवहाराचं सांगतो. पूर्ण टेक्सलाइव्ह (लाटेकचा सगळा संच) सात-आठ जीबीच्या घरात जातं, ते मोबाईलच्या डेटावर उतरवायला बसू नका. कॉलेजच्या वायफायवर पेनड्राइव्हमधे घ्या. विंडोजवर मिकटेक आहे, ते लागेल तेवढंच उतरवतं, पण ऐन वेळी नेट नसेल तर अडतं. ब्राउझरमधलं ओव्हरलीफ शिकायला सोपं, मात्र तेही नेटवरच. मराठीत लिहायचं असेल तर झीलाटेक (लाटेकचाच प्रकार) वापरा आणि आयआयटी मुंबईने केलेला शोभिका हा टंक घ्या, जोडाक्षरं सुरेख येतात.

त्याच आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. लाटेक, सायलॅब, पायथन, लिनक्स, सगळ्यांचे छोटे व्हिडिओ, बऱ्याच विषयांचे मराठी आवाजातही, फुकट. उतरवून ठेवले की नेट लागत नाही.

अलिबागची

होय, मी खरंच अलिबागहून आलेय, हसून घ्या एकदाचे. कॉलेजात फिजिक्स शिकवते.

वरच्या सगळ्यांनी यंत्राकडून सुरुवात केली. मी उलटीकडून येते. मुलांशी मी आमच्या चुंबकीय वेधशाळेबद्दल बोलते. मुंबईत ट्राम विजेवर जाणार म्हणून कुलाब्याची मोजमापं बिघडतील, तेव्हा १९०४ मधे ती वेधशाळा अलिबागला आली. तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद इथे चालू आहे. शंभरहून जास्त वर्षांचे आकडे! असे आकडे समोर आले की विद्यार्थ्याला पहिला धक्का फिजिक्सचा बसत नाही, फायलींचा बसतो. कुठे तारीख उलटी, कुठे नोंद नसली की ९९९९९ लिहिलेलं, आणि मुलगा त्याचीही सरासरी काढून मोकळा. फिजिक्सवाल्याचा निम्मा वेळ अशा फायली सरळ करण्यात जातो. तिथे लिनक्सची छोटी छोटी हत्यारं खरोखर कामाला येतात. पण पायथन नीट आलं तरी भागतं.

देवगडला तर दारातच प्रयोगशाळा आहे. जेट्टीच्या खांबाला रंगाचे पट्टे मारा, दर तासाला पाणी कुठे आहे ते लिहा. चंद्रामुळे येणारी मुख्य लाट १२.४२ तासांची, सूर्यामुळे येणारी १२ तासांची. दोन्ही एकमेकींवर बसतात तेव्हा उधाण (मोठी भरती), एकमेकींना खातात तेव्हा भांग (लहान भरती). आता प्रश्न असा: नुसत्या आकड्यांवरून या दोन लाटा वेगळ्या करायला किती दिवसांची नोंद लागेल? उत्तर १४.७७ दिवस. कारण तेवढ्या काळात एक लाट दुसरीपेक्षा नेमका एक फेरा जास्त मारते. आठ दिवस मोजून कितीही भारी संगणकावर घातलं तरी दोन्ही लाटा एकच दिसतील. आणि पंधरा दिवसांची नोंद म्हणजे किती? ३६० आकडे. ७२ हजारांच्या खोक्याला हे सांगा.

देवगडकर_बाबा

उधाण-भांग माझ्या वडिलांना तिथीवरून तोंडपाठ होतं. त्यात गणित आहे हे मला पन्नाशीत कळतंय.

मुलीला धागा वाचायला दिलाय. ती म्हणते खातं उघडून स्वतःच लिहीन.

भांगाची_भरती

नमस्कार. मी ती 'मुलगी'. बाबांनी माझी सगळी माहिती इथे दिलीच आहे, आजीच्या हरकतीसकट.

मॅट्रिक्सचा गृहपाठ केला. ८ जीबीत फक्त आकडे ठेवायचे म्हटले तर साधारण ३१,६०० × ३१,६०० पर्यंत जाता येईल असं उत्तर आलं, बरोबर का? (पण मग गणित करायला जागाच उरणार नाही.) कापरेकरांचंही केलं, मोबाईलवरच, ब्राउझरमधे पायथन चालतं तिथे. सात पायऱ्या बरोबर. पण सर, १११२ सारख्या आकड्यांना मधे ०९९९ येतं. तिथे शून्य न धरता नुसतं ९९९ धरलं तर गाडी ० वर जाऊन पडते. माझा प्रोग्राम तिथेच फसला होता, अर्धा तास गेला.

माझे प्रश्न: १) लिनक्स टाकताना विंडोज उडालं तर? २) टॅबलेट आणि पेन घेतलं तर लॅपटॉपची गरजच नाही असं एकीने सांगितलं.

खाडीपलीकडे

उत्तर बरोबर. आणि कंसातलं वाक्य उत्तराहून मोलाचं.

विंडोज उडू नये म्हणून: टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघ, डिस्कला हात न लावता चालतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, झाकण मिटलं की झोपतो आणि उघडलं की उठतो का, एवढं तपास. मग विंडोजमधे जाऊन डिस्क कुलूपबंद आहे का बघ. बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली, ४८ आकडी क्रमांक असतो, कागदावर लिहून ठेव. सगळं महत्त्वाचं दुसरीकडे उतरव. विंडोजमधूनच ८० ते १०० जीबी जागा मोकळी कर आणि लिनक्सला तीच दे. लाईट जायची लक्षणं असतील त्या संध्याकाळी हे करायला बसू नकोस, चार्ज भरलेला असला तरी चार्जर लावून बस.

टॅबलेट छान आहे, पण वहीला पर्याय म्हणून. प्रोग्राम लिहायला कीबोर्डच हवा. पैसे उरले तर पुढच्या आंब्याला बघ.

निळा_पडदा

आणि पहिल्या सहामाहीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काहीही नवीन टाकू नकोस, बये. हे विंडोजवाल्याचं नाही, जळलेल्या माणसाचं सांगणं.

भांगाची_भरती

दिवाळीची सुट्टी संपत आली, म्हणून राहिलेला हिशोब देते.

कुडाळला जाऊन सोल्डरमास्तर काकांच्या ओळखीने ऑफिसातून निघालेला १४ इंची लॅपटॉप घेतला. दहाव्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, २६ हजार. अडीच हजारांत नवीन बॅटरी. तीन पिनांचा चार्जर, अर्थिंगचं काम आणि एक चांगला स्पाइक गार्ड. सरांनी सांगितलेला दिवा आणि वह्या. बाकीचे बाबांनी परत खिशात घातले, म्हणाले फवारणीला होतील.

विंडोजशेजारी मिंट टाकलं. पहिले दोन आठवडे जर्नलसाठी विंडोज आणि बाकीला मिंट असं चाललं, आता विंडोज फक्त कॉलेजची पोर्टलं नखरे करतात तेव्हा उघडते. एकदा अद्ययावत केल्यावर आवाजच गेला होता, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर शोधून दुरुस्त केला. निळा_पडदा काका, मान्य, तो एक दिवस तुमचा.

भरतीचं केलं. खांबाला पट्टे मारले, मी आणि भाऊ आळीपाळीने सोळा दिवस. रात्री १ ते ५ झोपलो, त्यामुळे रोज चार आकडे गायब. अलिबागच्या ताईंनी कळवलं की अशा भोकं पडलेल्या नोंदीला नेहमीची फूरिए पद्धत (नोंद वेगवेगळ्या लाटांत फोडणारी) चालत नाही, कारण तिला सारख्या अंतराचे आकडे लागतात. म्हणून न्यूनतम वर्ग पद्धत (मोजलेलं आणि हिशोबातलं यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारी) वापरली. चार लाटा धरल्या: १२.४२, १२, २३.९३ आणि २५.८२ तासांच्या. प्रत्येकीचे दोन अज्ञात आणि एक सरासरी पातळी, असे नऊ अज्ञात. तीनशेच्या वर समीकरणं. उत्तर यायला लागलेला वेळ डोळा मिटेपर्यंतसुद्धा नव्हता. चंद्राची १२.४२ वाली लाट सगळ्यांत मोठी आली.

पण दोन दिवस आकडे जुळतच नाहीत, दोन्ही दिवशी पाणी हिशोबापेक्षा वीतभर जास्त. भावाने चुकीचं वाचलं म्हणून त्याच्याशी भांडले. मग आजी म्हणाली, त्या दोन दिवशी वारा दक्षिणेकडून होता आणि दर्याला फुगवटा होता, होड्या वर ओढून ठेवल्या होत्या.

अलिबागची

भावाची माफी माग. आणि वाऱ्याची नोंद मिळव, दहावा अज्ञात तोच. तुझं पुढचं काम तिथून सुरू होतं.

पाटीपेन्सिल

आजींची हरकत मागे घेतली गेली का?

देवगडकर_बाबा

नाही सर. पण आता विचारते, आज काय आलं गो आकड्यात.

सोल्डरमास्तर

ता सगळा रवांदे. बॅगेतल्यो ओल ओढणाऱ्यो सिलिकाच्यो पुडयो बदललंस काय गो?

भांगाची_भरती

उद्या बदलते काका. निळ्याच्या गुलाबी झाल्यात.